‘लीज अँड लीफ’ : ग्रंथालयातून परत आलेली गाणी

१९६९ सालच्या डिसेंबर महिन्यात लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडची ‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली. तिचे वेष्टन पुस्तकासारखे उघडते. आत ब्रिटनमधील जुन्या चालीरीतींची लहान लहान चित्रे आणि त्यांची माहिती आहे. या चित्रांत दोन माणसे अशी आहेत, की रॉक संगीताच्या वेष्टनावर ती दिसतील अशी अपेक्षा कोणी करणार नाही. एक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड, हार्वर्ड विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक. दुसरे सेसिल शार्प, विसाव्या शतकाच्या आरंभी खेडोपाडी हिंडून लोकगीते टिपून घेणारे संग्राहक. विशीच्या आसपासच्या मुलांनी इलेक्ट्रिक गिटारच्या तबकडीवर दोन दिवंगत विद्वानांना मानाचे स्थान द्यावे, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

या ध्वनिमुद्रिकेची नेहमीची ओळख अशी, की येथे रॉक आणि लोकगीत यांचा संयोग झाला व ‘इंग्लिश फोक रॉक’ नावाचा प्रकार जन्मास आला. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. जुन्या गाण्यांना नवा साज चढवण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. शर्ली कॉलिन्स आणि डेव्ही ग्रॅहम यांनी १९६४ मध्येच लोकगीताला अपरिचित गिटारवादनाची जोड दिली होती. तेव्हा प्रश्न केवळ ‘प्रथम कोणी’ हा नाही. साहित्याच्या अभ्यासकाला दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटावेत. ही गाणी या मुलांपर्यंत नेमकी कोणत्या वाटेने आली? आणि त्या वर्षी, त्या उन्हाळ्यात त्यांना या गाण्यांची गरज का भासली?

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करू. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनची स्थापना १९६७ साली उत्तर लंडनमध्ये झाली. गिटारवादक सायमन निकोल याच्या कुटुंबाशी निगडित अशा मझवेल हिल भागातील ‘फेअरपोर्ट’ नावाच्या घरात तालमी होत, त्यावरून बँडला नाव मिळाले. आरंभीच्या काळात त्यांचे कान अमेरिकेकडे लागलेले होते. बॉब डिलन, जोनी मिचेल अशांची गाणी ते वाजवीत. १९६८ मध्ये सँडी डेनी ही गायिका आली आणि तिच्यासोबत लंडनच्या फोक क्लबांत गायली जाणारी जुनी गाणीही आली. १९६९ च्या जुलैत निघालेल्या ‘अनहाफब्रिकिंग’मध्ये ‘अ सेलर्स लाइफ’ हे पारंपरिक गीत अकरा मिनिटे चालते. तेथे डेव्ह स्वारब्रिकचे व्हायोलिन पाहुणे म्हणून प्रथम ऐकू येते. म्हणजे वाट दिसू लागली होती. पण वाट दिसणे वेगळे आणि त्या वाटेने जाणे वेगळे.

ती ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच, १२ मे १९६९ च्या पहाटे, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना एम-वन महामार्गावर बँडच्या गाडीला अपघात झाला. तालवादक मार्टिन लॅम्बल मृत्यू पावला. तो १९ वर्षांचा होता. गिटारवादक रिचर्ड थॉम्प्सन याची मैत्रीणही गेली. इतर काही जण जखमी झाले. डेनी त्या गाडीत नव्हती. बँड मोडावा की चालवावा, हा प्रश्न उभा राहिला. चालवायचे ठरले, परंतु लॅम्बलसोबत वाजवलेली गाणी पुन्हा वाजवणे शक्य नव्हते. म्हणजे वाचलेल्यांकडे वाद्ये होती, गळा होता, पण गाणी उरली नव्हती.

त्या उन्हाळ्यात विंचेस्टरजवळच्या फार्ली चेंबरलेन या खेड्यातील एका जुन्या प्रशस्त घरात हे सर्व जण राहावयास गेले. निर्माता जो बॉइड यांनी ही व्यवस्था केली होती. स्वारब्रिक आता पाहुणा राहिला नव्हता. मार्टिन कार्थी यांच्यासारख्या गायकाच्या साथीत मुरलेला हा वादक बँडमध्ये कायमचा सामील झाला. लॅम्बलच्या जागी नृत्यसंगीताच्या बँडांतून आलेला डेव्ह मॅटॅक्स आला. बास वाजवणारा अ‍ॅशली हचिंग्ज लंडनमधील सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात जाऊन गाण्यांचे पाठ शोधू लागला. तो २४ वर्षांचा, थॉम्प्सन २० चा, निकोल तर १८ चा. परंपरेचे वारस म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते ते हे तरुण महानगरातील होते. आजीच्या मांडीवर बसून त्यांनी ही गाणी ऐकलेली नव्हती. ग्रंथालयाच्या मेजावर बसून त्यांनी ती वाचली.

येथे पहिल्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. ग्रंथालयात ही गाणी आली कुठून?

चाइल्ड यांचा ‘द इंग्लिश अँड स्कॉटिश पॉप्युलर बॅलड्स’ हा ग्रंथ १८८२ ते १८९८ या काळात प्रकाशित झाला. त्यात ३०५ बॅलड आहेत आणि प्रत्येकाचे उपलब्ध पाठभेद. ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सेचा परिचय असलेल्या मराठी वाचकाला या कामाचे स्वरूप सहज कळेल. येथे एका शब्दाचा खुलासा हवा. मराठीत ‘बॅलड’साठी ‘पोवाडा’ हा प्रतिशब्द योजला जातो. हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी तर १८९४ साली पोवाड्यांच्या इंग्रजी भाषांतराला ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ असेच नाव दिले. पण पोवाड्यात शाहीर स्वतःचे नाव गुंफतो, नायकाची बाजू घेतो, श्रोत्याला आवाहन करतो. चाइल्ड यांच्या संग्रहातील बॅलडला कर्ता नाही, बाजू नाही, उपदेशही नाही. त्याला ‘कथागीत’ म्हणणे अधिक बरे.

चाइल्ड हे मूलतः पाठाचे अभ्यासक. हस्तलिखितांचा त्यांना ध्यास होता. बिशप पर्सी यांनी १७६५ साली ज्याच्या आधारे आपला प्रसिद्ध संग्रह काढला, ते जुने हस्तलिखित जसेच्या तसे छापले जावे यासाठी त्यांनी इंग्लंडमधील विद्वानांचा पिच्छा पुरवला. पण त्यांच्या थोर ग्रंथात चाली अगदी थोड्या, त्याही शेवटी. गाणे हा शब्दांचा ऐवज, असा संस्कार त्यातून इंग्रजी विभागांवर झाला आणि कथागीते कवितेच्या पाठ्यपुस्तकात मुक्यानेच वाचली जाऊ लागली. चाली गोळा करण्याचे काम इतरांनी केले. सेसिल शार्प यांनी १९०३ मध्ये सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज येथे जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याच्या तोंडून एक गीत ऐकले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढे १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलिस यांच्यासह ते अमेरिकेतील अ‍ॅपलेचियन डोंगराळ मुलखात गेले. इंग्लंडमध्ये विरळ झालेली गाणी तेथे स्थलांतरितांच्या वंशजांच्या कंठात त्यांना सापडली. वेष्टनावरील दोन चित्रांचा अर्थ आता लागतो. एकाने शब्द राखले, दुसऱ्याने सूर; आणि तिसरी पिढी दोन्ही एकत्र करून विजेवर चालणाऱ्या वाद्यांवर वाजवीत होती.

परंतु ही वंशावळ इतकी सरळ नाही. ध्वनिमुद्रिकेतील एकेक गाणे उलगडून पाहिले की तिच्यातले दुवे भलत्याच ठिकाणी जुळलेले आढळतात.

‘मॅटी ग्रोव्ह्ज’ हे चाइल्ड यांच्या क्रमवारीतील ८१ वे कथागीत. तेथे त्याचे नाव ‘लिटल मसग्रेव्ह अँड लेडी बार्नार्ड’ असे आहे. ते किती जुने आहे हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असते, कारण १६१३ साली छापल्या गेलेल्या ‘द नाइट ऑफ द बर्निंग पेसल’ या नाटकात त्याचा तुकडा येतो. पण फेअरपोर्टने ते ज्या चालीवर बांधले ती ‘शेडी ग्रोव्ह’ या अमेरिकन गाण्याची. शीर्षकातील नामरूपही अटलांटिकपलीकडच्या गायकांत रूढ झालेले. इंग्रजी परंपरेचे शिखर म्हणून जे गाणे दाखवले जाते, त्याचा सूर परदेशातून आलेला आहे.

‘रेनार्डाइन’ची गोष्ट याहून बोलकी आहे. डोंगरात तरुणीला भुलवून नेणारा गूढ पुरुष, जो बहुधा माणसाच्या रूपातील कोल्हा आहे, असे त्याचे आशयसूत्र. डेनीच्या आवाजातील संथ, अधांतरी गायन ऐकताना हे गाणे अतिप्राचीन असावे असेच वाटते. मात्र एकोणिसाव्या शतकातील छापील पत्रकांवर त्याचा जो पाठ आढळतो, त्यात रेनार्डाइन हा फरारी पुरुष आहे, पशू नव्हे. लोकगीतांचे विख्यात अभ्यासक व गायक ए. एल. लॉइड यांनी या गाण्यात स्वतः किती भर घातली आणि त्याला आजचे मायावी रूप कसे दिले, हे स्टीफन विनिक यांनी २००४ मधील आपल्या अभ्यासात दाखवले आहे. लॉइड यांनी ती भर आपली म्हणून सांगितली नाही; परंपरेच्या नावावर ती खपून गेली.

तिसरे उदाहरण ‘फेअरवेल, फेअरवेल’चे. शब्द थॉम्प्सनचे, चाल ‘विली ओ विन्सबरी’ या जुन्या कथागीताची. पण ती चाल मुळात त्या कथागीताची नव्हतीच. आयरिश गायक अँडी अर्व्हाइन यांनी सांगितले आहे, की चाइल्ड यांच्या गाण्यांच्या चाली पुस्तकात शोधताना त्यांच्या हातून क्रमांकांची गल्लत झाली आणि एका गाण्याचे शब्द दुसऱ्याच गाण्याच्या चालीवर बसले. १९६८ मध्ये स्वीनीज मेन या त्यांच्या गटाने ते तसेच मुद्रित केले. वर्षभरात ती गल्लत थॉम्प्सनपर्यंत परंपरा म्हणून पोचली, आणि आज ते गाणे त्या चालीशिवाय कल्पिताही येत नाही. ज्याला पाठचिकित्सेत ‘लेखनिकाचा प्रमाद’ म्हणतात तो मौखिक परंपरेत असा नांदू लागतो. येथे तर प्रमाद घडला तो ग्रंथामुळेच.

ही उदाहरणे देण्यामागे ध्वनिमुद्रिकेचे अवमूल्यन करण्याचा हेतू नाही. डेव्ह हार्कर यांनी १९८५ साली ‘फेकसाँग’ या पुस्तकात लोकगीतांचा सगळा व्यवहारच मध्यमवर्गीय मध्यस्थांनी रचलेला आहे असा हल्ला चढवला. त्याचे काही आक्षेप मान्य करूनही एक मुद्दा उरतो. बनावट ठरवण्यासाठी एक अस्सल, डाग नसलेला मूळ पाठ कुठेतरी असावा लागतो. कथागीताच्या बाबतीत असा मूळ पाठ नाही. चाइल्ड यांनी एकेका गाण्याचे अनेक पाठ शेजारी शेजारी छापले, यात त्यांची प्रामाणिकता आहे. फेअरपोर्टच्या तबकडीवर गाण्यांखाली ‘पारंपरिक, मांडणी अमुक’ असा जो उल्लेख असतो, त्यातील ‘मांडणी’ हा लहानसा शब्द शतकानुशतकांच्या अनाम फेरफारांचे अगदी अलीकडचे टोक होय.

आता पुन्हा त्या उन्हाळ्याकडे. शोकात असलेल्या माणसांनी नेमकी हीच गाणी का उचलली असावीत?

‘मॅटी ग्रोव्ह्ज’चे कथानक पाहा. सणाच्या दिवशी चर्चमधून बाहेर पडताना उमरावाची पत्नी मॅटीला आपल्याकडे बोलावते. नोकर धावत जाऊन धन्याला वार्ता देतो. धनी परततो, द्वंद्व होते, मॅटी मरतो. धनी पत्नीला विचारतो, आता कोण आवडतो? ती मेलेल्याचे नाव घेते. तोही तिला ठार करतो आणि दोघांना एकाच थडग्यात पुरण्याची आज्ञा देतो, मात्र तिला वर ठेवायचे, कारण ती कुलीन घराण्यातील. मृत्यूनंतरही कुळाची उतरंड अबाधित राहते. या साऱ्यात निवेदक एकदाही हळहळत नाही, कोणाला दोष देत नाही, ‘हाय’ म्हणत नाही. घटना, संवाद, घटना. डेनी ते तसेच गाते. आवाजात करुणेचा शिडकावा करीत नाही. मग शब्द संपतात आणि आठ मिनिटांच्या त्या गाण्याचा उरलेला मोठा भाग गिटार आणि व्हायोलिन एकमेकांवर धावून जात वाजत राहतात. निवेदकाने जे बोलायचे टाळले ते वाद्ये बोलतात, असे मला वाटते.

‘द डिझर्टर’मधील पळपुट्या शिपायाला एकदा सोबती आणि एकदा प्रेयसी पकडून देते. मृत्युदंडाच्या क्षणी राजपुत्र अल्बर्ट गाडीतून येतो व त्याला सोडवतो. सुटका योग्यतेने होत नाही, योगायोगाने होते. ‘टॅम लिन’ हे ३९ वे कथागीत. सोळाव्या शतकातील स्कॉटिश ग्रंथात त्याचा निर्देश आहे आणि रॉबर्ट बर्न्सने १७९६ मध्ये त्याचा पाठ प्रकाशात आणला. परीराणीने नेलेल्या प्रियकराला सोडवायचे तर गरोदर जॅनेटने त्याला मध्यरात्री घट्ट धरून ठेवायचे आहे. तो तिच्या मिठीत साप होईल, सिंह होईल, तरी तिने हात सोडायचा नाही. कडव्याकडव्यांमधून वाद्यांचे ठोके अवचित कोसळतात आणि डेनीचा आवाज त्यांतून वाट काढीत पुढे जातो. गेलेल्या माणसाला परत आणणारी कथा त्या घरात त्या मुलांनी दिवसेंदिवस वाजवली, एवढे सांगितले तरी पुरे.

शेवटच्या ‘क्रेझी मॅन मायकेल’चे शब्द थॉम्प्सनचे आणि चाल स्वारब्रिकची, म्हणजे गाणे नवे. मायकेलला एक डोमकावळा सांगतो, की तुझ्या हातून तुझी प्रिया मरेल. संतापून तो कावळ्याला भोसकतो, आणि पाहतो तो पक्ष्याच्या जागी प्रियाच पडलेली. पुढे भ्रमिष्ट होऊन तो रानोमाळ भटकतो. विसाव्या वर्षी मैत्रीण गमावलेल्या तरुणाने हे शब्द लिहिले, हे कळल्यावर ते आत्मचरित्र म्हणून वाचण्याचा मोह होतो. थॉम्प्सनने २०२१ च्या ‘बीझविंग’ या आठवणींच्या पुस्तकात त्या अपघाताविषयी गद्यात लिहिले. १९६९ मध्ये मात्र त्याने तसे केले नाही. ‘मी’ हा शब्द बाजूला ठेवून त्याने कथागीताचा कोरडा, तिऱ्हाईत आवाज उसना घेतला. कवितेतील निर्वैयक्तिकता हा आपण वर्गात शिकवतो तो सिद्धान्त येथे सिद्धान्त राहत नाही. स्वतःच्या दुःखाविषयी बोलणे अशक्य असते तेव्हा अनामिकाची भाषा आधाराला येते. ग्रंथालयातील गाणी त्यांना यासाठी हवी होती. इंग्लंडचा गौरव वगैरे गोष्टी लोकांनी नंतर त्यांना चिकटवल्या.

सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ही गाणी प्रथम रंगमंचावर आली आणि शरद ऋतूत लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत मुद्रित झाली. मात्र तबकडी दुकानांत पोचण्यापूर्वीच तिच्यामागची दोन माणसे बँड सोडून गेली होती. हचिंग्जला आणखी खोलवर परंपरेत जायचे होते; त्याने पुढे स्टीलाय स्पॅन हा बँड उभारला. डेनीला स्वतःची गाणी लिहायची होती. तिने फॉदरिंगे काढला. १९७८ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी ती वारली. ज्या उन्हाळ्याने त्यांना एकत्र ठेवले तो संपताच प्रत्येकाची वाट वेगळी झाली. ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेली. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी तिला आजवरचा सर्वांत प्रभावी लोकसंगीत अल्बम ठरवले.

या मान्यतेबरोबर एक धोकाही आला. परंपरेचा गौरव होऊ लागला की तिच्यावर मालकी सांगणारेही येतात. ब्रिटनमधील अतिउजव्या राजकारण्यांनी लोकसंगीताला ‘शुद्ध’ वंशाचे लेणे म्हणून मिरवण्याचा उद्योग आरंभला, तेव्हा २००९ मध्ये तेथील कलावंतांना ‘फोक अगेन्स्ट फॅसिझम’ ही मोहीम उभारावी लागली. अशा वेळी ‘लीज अँड लीफ’ पुन्हा ऐकावी आणि तिची वेष्टनावरची चित्रेही पाहावीत. इंग्रजी कथागीतांचा आधारग्रंथ बॉस्टनमध्ये जन्मलेल्या प्राध्यापकाने सिद्ध केला, ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ची चाल अमेरिकेची, ‘टॅम लिन’ स्कॉटलंडचे, ‘फेअरवेल’ची चाल एका आयरिश गायकाच्या चुकीतून आलेली, ‘रेनार्डाइन’चा कोल्हा विसाव्या शतकातील एका विद्वानाचा. शुद्धतेचा शोध घेणाऱ्याच्या हाती येथे काही लागणार नाही.

शीर्षकातील दोन्ही शब्द इंग्रजीच्या जुन्या साठ्यातले आहेत. ‘लीज’ म्हणजे निष्ठा बाळगणारा किंवा ज्याच्याशी निष्ठा बाळगावी तो, आणि ‘लीफ’ म्हणजे प्रिय, तत्पर. आज ते कोशात पाहावे लागतात. ती मुलेही कोशात पाहणाऱ्यांपैकीच होती. वारसा त्यांना जन्माने मिळालेला नव्हता. दुःखाच्या एका उन्हाळ्यात त्यांनी तो वाचून, चुकून, वाजवून मिळवला. कथागीते शिकवताना पाठ्यपुस्तक मिटून एकदा ही तबकडी वर्गात लावावी. मुके झालेले शब्द पुन्हा कसे बोलू लागतात, हे विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.